सांडलं की लवंडलं?

आमच्या घरात दूध नुसतं सांडत नसे. "दूध सांडलं!" अशी आरोळी स्वयंपाकघरातून आली, की फडक्याच्या आधी बाबा पोहोचत आणि विचारत, "सांडलं, की लवंडलं?" भांडं जागेवर उभं आणि आतलं बाहेर आलं, तर ते सांडलं. भांड्यासकट आडवं झालं, तर लवंडलं. भांडं एका अंगावर झुकून थोडक्यात वाचलं, तर कलंडलं. भरलेलं पातेलं उचलून नेताना काठावरून उडालं, तर हिंदकळलं. आणि गॅसवरून वर येऊन बाहेर पडलं, तर उतू गेलं. बाबांचं म्हणणं असं, की क्रियापद नीट लावलं की गुन्हेगार आपोआप सापडतो. लवंडायला कुणाचं तरी कोपर लागतं, हिंदकळायला घाई लागते, उतू जायला हातात मासिक लागतं. हा पंचनामा चालू असताना दूध ओट्याच्या कडेवरून फरशीकडे निघालेलं असे. आई फडकं घेऊन खाली बसायची आणि म्हणायची, "आता ओघळलं. तेही लिहून घ्या."

लिहून ते घेतच. बँकेतून दरवर्षी मिळणाऱ्या डायऱ्यांचा बाबांना एवढाच उपयोग होता. हिशेब आई ठेवायची, अपॉइंटमेंटा कुणाला द्यायच्या नव्हत्या, तेव्हा १ जानेवारीपासून पुढे सगळी पानं शब्दांना. एका पानावर नुसतं गळणं: ठिबकणं, झिरपणं, पाझरणं, निथळणं, टपकणं. खाली त्यांच्या रेखीव अक्षरात शेरा: "मोरीचा नळ ठिबकतो. माठ पाझरतो. प्लंबर दोन्हीला 'लीक' म्हणतो, म्हणून त्याला दोन्ही दुरुस्त करता येत नाही." माठ दुरुस्त करायचा नसतो, हे आईने तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

बाबा साताऱ्याचे, आई नागपूरची, आणि बँकेच्या बदलीने दोघं येऊन पडले तंजावरला. म्हणजे भोसल्यांच्या तीन गाद्या आमच्या एका स्वयंपाकघरात. पाहुणे आले की बाबा हे सनावळीसकट सांगत: सातारा खालसा झालं १८४८ साली, नागपूर १८५४ साली, तंजावर १८५५ साली, तिन्ही डलहौसीच्या कारकिर्दीत. "आमच्याकडे मात्र तिन्ही राज्यं अजून चालू आहेत," असं म्हणून ते खूश व्हायचे. त्यावर आतून आवाज यायचा, "नागपूरने चहा केलाय. साताऱ्याने कप न्यावेत."

राज्यं चालू होती म्हणजे शब्द चालू होते. आईच्या माहेरी पातेल्याला गंज म्हणतात, परातीला कोपर, तांब्याला गडवा, कळशीला गुंड आणि उलथण्याला सराटा. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या कुणी हळूहळू सासरचे शब्द उचलले असते किंवा नवऱ्याने निदान थट्टा तरी केली असती. बाबांनी तिसरंच काही केलं. त्यांचा सिद्धांत असा, की एका घरात दोन शब्दांचा एकच अर्थ राहू शकत नाही. दोन शब्द आले की दोन कामं शोधायची. मग तह झाला. पसरट, काठाचं ते पातेलं. उंच, सरळ अंगाचा तो गंज. डोसा उलटायचं ते उलथणं, भाजी परतायचा तो सराटा. कणीक मळायची परात, धान्य निवडायला कोपर. पाणी प्यायचा तांब्या, देवाशी ठेवायचा गडवा. खरं पाहिलं तर उलथणं आणि सराटा एकाच दुकानातून, एकाच मापाचे, एकाच दिवशी आणलेले होते. पण सराट्याने डोसा उलटला तर बाबा पानावरून उठायचे नाहीत इतकंच. चेहरा मात्र असा करायचे, की कुणीतरी तहाचं कलम मोडलंय.

मी आणि ताई हे सगळं निसर्गनियम समजून वाढलो. पुढे मुंबईला नोकरीसाठी राहिले, तेव्हा जिथे पेइंग गेस्ट होते त्या काकूंना मी विचारलं, "दूध गंजात तापवू की पातेल्यात?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपात."

बाबांना मात्र शब्दांची अशी सोय लावण्यात खरा आनंद होता, आणि आता मला वाटतं, त्यात थोडी माया होती. आईचा एकही शब्द या घरातून बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला नोकरी लावून दिली. आईला हे कळत होतं की नाही, कोण जाणे. ती म्हणायची, "बँकेत माणसं कमी पडतात आणि घरात भांड्यांची भरती चालू."

एका शब्दाची मात्र सोय लागली नाही. नागपूरकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. तंजावरात सांबार म्हणजे काय, हे सांगायला नको. हे सांबार इथल्याच मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, संभाजीराजे पाहुणे आले होते, आमसुलं संपली होती, कुणीतरी आमटीत चिंच घातली, ही गोष्ट तंजावरात ज्याला त्याला माहीत असते, आणि जो तो ती स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगतो. बाबा ऐकून घ्यायचे, पण त्यांची अडचण वेगळी होती. "सांबारावर सांभार घालू का?" असं आईने विचारलं, की ते जेवता जेवता थांबायचे. भ आणि ब यांच्यात एवढासा प्राण. त्याच्यावर एक अख्खी जुडी तोलून धरलेली. तमिळ लिपीत तर ब आणि भ यांना वेगळी अक्षरंच नाहीत. त्यामुळे आईने एकदा कामराज मार्केटमध्ये सवयीने "सांभार" मागितलं, तेव्हा भाजीवाल्याने अत्यंत सभ्यपणे समोरच्या हॉटेलकडे बोट दाखवलं.

त्या मार्केटमधला बाबांचा पहिला दिवस आमच्या घरात अजून सांगितला जातो. भाजीवाला ओरडतो, "काय, काय, काय!" बाबा थांबून विचारतात, "काय?" तो मान डोलावतो, "काय!" बाबा पुन्हा, "अहो, पण काय?" तमिळमध्ये काय म्हणजे न पिकलेलं फळ, आणि म्हणून भाजीसुद्धा. कोवळं असताना ते पिंजु, धरलं की काय, पिकलं की पळम. हे कळल्यावर बाबांचा तमिळविषयीचा आदर एका दिवसात वाढला. आपल्याकडे आंब्याला कैरी, पाड, पिका अशी बढती मिळते, फणसाला कुयरी असते. इथे तर दर फळाला तीच रीत. मग कुणीतरी त्यांना फुलाच्या सात अवस्था सांगितल्या: अरुंबु, मोट्टु, मुगै, मलर, अलर, वी, सेम्मल. डोकावणाऱ्या कळीपासून गळून सुकलेल्या फुलापर्यंत. त्या रात्री बाबा उशिरापर्यंत डायरी घेऊन बसले. आपल्याकडे कळी, उमलणं, फुलणं, कोमेजणं, सुकणं, निर्माल्य, असं ओढूनताणून गणित जमवत होते. निर्माल्याला देवाची भेट व्हावी लागते, हा त्यांना स्वतःलाच आक्षेप सुचला आणि ते निजले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून आत्या आणि आतेभाऊ यायचे. त्यांना मोठं देऊळ दाखवणं हे बाबांचं काम. लोक राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ बघायला येतात, मान मागे टाकून शिखर बघतात, नंदीपाशी फोटो काढतात. बाबा पाहुण्यांना सरळ नैऋत्येच्या भिंतीपाशी नेत, जिथे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास दगडात कोरून ठेवलाय. मराठीत, देवनागरीत. एवढा लांब कोरीव लेख जगात क्वचितच असेल. राजांचे चिटणीस बाबूराव यांची ती रचना. मालोजींपासून निघालेली कथा ओळीमागून ओळ चालतच राहते आणि बाबा तिच्यावर बोट ठेवून वाचत राहतात. दुपारचे चार, मे महिना, चपला बाहेर काढलेल्या. काथ्याची पट्टी अंथरलेली असते ती दर्शनाच्या वाटेवर. इतिहासाच्या वाटेवर नाही. आतेभाऊ एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या, आणि शेवटी म्हणाला, "मामा, पाय भाजले."

बाबांनी बोट न हलवता सांगितलं, "भाजले नाहीत. पोळले."

आणि मग तिथेच, त्या तापलेल्या फरशीवर, आम्हाला सगळा भेद ऐकावा लागला. भाजायला विस्तव लागतो किंवा हेतू लागतो. दाणे भाजतात, वांगं भाजतात. तापलेल्या वस्तूला अंग टेकलं की पोळतं. चटका क्षणाचा, हात मागे घेईपर्यंतचा. होरपळायला टेकावं लागत नाही, नुसती झळ पुरते. करपतं ते अन्न, आणि लाक्षणिक अर्थाने पीक. आत्या एव्हाना पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीत सरकली होती. तिथून ती म्हणाली, "दादा, मालोजी झाले, शहाजी झाले. व्यंकोजी आता सावलीत सांग."

सरस्वती महाल ग्रंथालय हे बाबांचं दुसरं ठिकाण. सरफोजीराजांनी वाढवलेला तो ग्रंथसंग्रह म्हणजे ताडपत्रं, पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल. संशोधक तिथे राज्यकारभार शोधतात, वैद्यक शोधतात, नाटकं शोधतात. नाटकंही साधी नव्हेत. तंजावरच्या गादीवरच्या शहाजीराजांचं 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक आहे, त्यात पाच भाषा एकाच रंगमंचावर बोलतात. बाबा आमच्या स्वयंपाकघराला तेच नाव देत असत. ग्रंथालयाने छापलेलं 'सरभेंद्र पाकशास्त्र' त्यांच्या हाती लागलं तेव्हा आईला वाटलं, आता काहीतरी खायला मिळेल. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातली ती मराठी पाककृतींची वही. तीत साहेबी स्वयंपाकसुद्धा आहे. बाबांनी चार दिवस ती वाचली आणि कुठे तळणं आहे, कुठे परतणं, कुठे नुसतं वाफवणं, यांची यादी केली. आईने विचारलं, "मीठ किती घालायचं म्हटलंय?" बाबा म्हणाले, "तिकडे लक्ष गेलं नाही."

राज्यव्यवहारकोशावर मात्र ते नाराज असत. तो ज्यांच्या नावावर आहे ते रघुनाथपंत हणमंते आधी इकडे व्यंकोजीराजांकडेच कारभारी, मग शिवाजीमहाराजांकडे गेले. दरबारी फारसी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द बसवायचे, असं त्या कोशाचं काम. त्यात भोग्यवर्ग नावाचा भाग आहे, म्हणजे खाण्यापिण्या-नेसण्याच्या गोष्टीही सुटल्या नाहीत. बाबांना महाराजांविषयी पराकोटीची भक्ती, पण इथे त्यांची बँकवाली बुद्धी आड यायची. "जुना शब्द काढून नवा घातला की शिल्लक तेवढीच राहते," ते म्हणायचे. "दोन्ही ठेवले असते तर व्याज मिळालं असतं." इतिहासाच्या प्राध्यापकांनी यावर काय म्हटलं असतं, मला ठाऊक नाही. आई म्हणाली, "महाराजांना राज्य चालवायचं होतं."

दिवाळीचा प्रसंग मला लख्ख आठवतो. शेजारच्या पाटी, म्हणजे आजी, तमिळ. पहाटे तेल लावून न्हाणं हे त्यांच्यातही आहे, आणि त्या दिवशी एकमेकांना विचारायची पद्धत अशी: "गंगास्नानम आच्चा?" गंगास्नान झालं का? त्यांच्या न्हाणीत एक मोठं तांब्याचं भांडं होतं, रुंद तोंडाचं, दोन कड्यांचं. बाबा फराळाचं ताट घेऊन गेले होते. भांडं पाहून त्यांनी नाव विचारलं. पाटी म्हणाल्या, "गंगाळम."

बाबा ताट हातात घेऊन तसेच उभे. गंगाळ! साताऱ्याला त्यांच्या आजोळी घंगाळ म्हणत, आईकडे गंगाळ, आणि इथे तमिळ आजी गंगाळम म्हणून शेवटी एक मकार लावून ते आपलंच असल्यासारखं वापरतायत. राज्य गेलं, राजवाड्याच्या अर्ध्या भागात संग्रहालय आणि कचेऱ्या आल्या, आणि भांडं मात्र नावासकट लोकांच्या न्हाणीत शिरून बसलं. पण खरी मेजवानी पुढेच होती. पाटी नातवाला आत ढकलत म्हणाल्या, "वेन्नीर विळावि वच्चिरुक्केन." गरम पाणी विळावून ठेवलंय.

विळावणं म्हणजे कढत पाण्यात गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असं करणं. एवढ्या एका कामासाठी तमिळमध्ये अख्खं क्रियापद आहे. आपल्याकडे त्यासाठी घालायच्या गार पाण्याला विसण म्हणतात. पूर्वी मोरीतून हाक यायची, "अगं, विसण आण!" आता गिझरच्या नळातून दोन्ही पाणी एकदम येतं आणि विसण हा शब्द शहरातल्या मुलांना सांगितला तर ते ॲप शोधतील. बाबा घरी आले ते फराळाचं ताट तसंच परत घेऊन. "आपण पाण्याला नाव दिलं," ते आईला म्हणाले, "यांनी हाताच्या कामाला दिलं." आई म्हणाली, "चकल्या द्यायच्या राहिल्या ना?"

पाटी आणि बाबांची गट्टी तेव्हापासून जमली. दोघांना एकमेकांची भाषा निम्मी कळायची आणि ज्या निम्म्या भागात खाणं-धुणं-नासणं येतं तो मात्र पुरता कळायचा. तंजावरात खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या दिवसांत घरात काहीच टिकत नाही, आणि दोघांच्या ओसरीवर सामना रंगायचा. बाबा म्हणायचे, दूध नासलं. पाटी: पाल तिरिंजुपोच्चु. बाबा: दही आंबलं. पाटी: तयिर पुळिच्चुपोच्चु. आमटी विटली? ऊसिप्पोच्चु. फळ सडलं? अळुगिपोच्चु. आणि पापड सादळले, असं बाबांनी विजयी सुरात म्हटलं, कारण त्यांची खात्री होती की पापडातला कुरकुरीतपणा दमट हवेने जाणं या दुःखाला मराठीखेरीज कुणी शब्द दिला नसणार. पाटींनी हातातला अप्पळम वाकवून दाखवला. तो मोडला नाही. "नमुत्तुपोच्चु," त्या म्हणाल्या.

पाच शब्दांना पाच शब्द. कुठेही "खराब झालं" नाही. खराब झालं म्हणणारा माणूस बाबांच्या मते अन्नाकडे न बघता बोलतो. विटलेल्या आमटीला तार येते, आंबलेल्या भाताला वास येतो, सादळलेल्या पापडाला ऊन दाखवलं तर तो परत माणसात येतो. आईचा निष्कर्ष असा, की पापड सोडून बाकी सगळं टाकायचं, आणि ते टाकायला ओसरीवरून उठावं लागतं.

एक गाठ मात्र अवघड होती. उष्टं आणि खरकटं. तोंड लागलं ते उष्टं. शिजलेल्या अन्नाचा हात किंवा डाग लागला ते खरकटं. पाटींकडे त्यांचे जुळे भाऊ निघाले, एच्चिल आणि पत्तु. बाबा आनंदाने पुढे सरकले तर सोवळं-ओवळं आलं, त्याचे मडि आणि विळुप्पु. इथे मला त्यांचा छंद खटकायचा, आणि अजून खटकतो. सांडलं-लवंडलंच्या भेदाने फार तर दूध पुसायला उशीर होतो. सोवळ्या-ओवळ्याच्या भेदाने पिढ्यान्पिढ्या माणसं दाराबाहेर उभी राहिली, तंजावरातही आणि साताऱ्यातही. शब्द बारीक असला म्हणून निरागस असतो असं नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या अक्का एकदा हे ऐकत होत्या. त्यांनी आईला विचारलं, हे दोघं कशावर बोलतायत? आईने सांगितलं: कुठलं भांडं उष्टं, कुठलं खरकटं, कुठलं मडि. अक्कांनी घासणी खाली ठेवली नाही. "एल्लाम ओरे सोपु दान, सार," त्या म्हणाल्या. सगळ्याला साबण एकच.

बाबांनी ते वाक्य डायरीत घेतलं, तारखेसकट. भेदांच्या त्या डायऱ्यांतलं अभेदाचं वाक्य ते एकच. सोवळं-ओवळं नंतर कुठल्या पानावर दिसत नाही.

नाही म्हणायला, शब्दांवरच्या हुकमतीची परीक्षा एकदा झाली. मावशीच्या मुलीचं लग्न होतं, आई नागपूरला गेली आणि स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात आलं. ज्या माणसाला कढवणं, आटवणं, उकळणं, उकडणं आणि रटरटणं यांतला फरक झोपेत सांगता येत होता, त्याने भात लावला. पहिल्या दिवशी झाकण काढून ते म्हणाले, "कणी राहिली." दुसऱ्या दिवशी: "आसट झाला." तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटला. ताई धावली, "बाबा, भात करपला!" बाबांनी उलथण्याने तळ खरवडून पाहिला (डोशाचं उलथणं, भातासाठी, राज्यात अंदाधुंदी माजली होती) आणि शांतपणे म्हणाले, "करपला नाही. नुसता लागलाय." ताई म्हणाली, "नाव बरोबर आहे. खायचं काय?" भिंतीपलीकडे पाटींना वास गेलाच होता. थोड्या वेळाने केळीच्या पानाने झाकलेला पुळिसादम, म्हणजे चिंचेचा भात, आला.

त्या पानावरूनही त्यांना शिकायला मिळालंच. टोकासकटचं अख्खं पान पाहुण्याला, कापलेला तुकडा तो एडु, घरच्यांना. आणि पाटींचं ते वाक्य, जे बाबांना बरेच दिवस टोचत राहिलं: शेतात नेल्लु, पोत्यात अरिसि, पानात सादम, तुमच्याकडे शेतातही भात आणि ताटातही भात, मग कळतं कसं? तंजावर म्हणजे भाताचं कोठार; कुरुवै, सांबा, ताळडि असे हंगाम मोजणारी माणसं. त्यांच्यापुढे आपली भाषा उघडी पडल्यासारखं बाबांना झालं. "साळ आहे की आमच्याकडे," ते चार दिवसांनी जाऊन सांगून आले. पाटींनी मान डोलावली. म्हातारीला साळ कळलं नव्हतं, पण माणूस चार दिवस झोपलेला नाही हे कळलं होतं.

आता बाबा निवृत्त झालेत, आणि आई-बाबा तंजावरातच राहतात. मी फोन केला की बोलणं प्रकृतीवरून सुरू होतं आणि कॉफीवर येऊन अडतं. इथली कॉफी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये, टंबलरमधून डबऱ्यात, हात लांब करून ओततात. फेस येतो, साखर विरघळते आणि ती पिण्याजोगी होते. या सगळ्या खटाटोपाला तमिळमध्ये एक शब्द आहे, आत्तु. मराठीत बाबांना त्याला जोड सापडेना. निववणं म्हणावं तर त्यात ओतणं नाही. वरखाली करणं म्हणावं तर ते औषधाच्या बाटलीचं. घुसळणं, ढवळणं, फेटणं, सगळ्यांना काहीतरी हत्यार लागतं. बरीच वर्षं डायरीत तिथे रेघ होती.

आईने मात्र कुणाला न विचारता शब्द कधीच बनवला होता. "जरा आत्तून घ्या," ती म्हणते. "मी आत्तली आहे तुमची." "किती आत्तताय, थंड होईल." नागपूरच्या तोंडात तमिळ धातू आणि मराठी प्रत्यय, आणि बाई बिनदिक्कत चालवते आहे. बाबांना शब्द मान्य आहे. तो त्यांना इतका आवडलाय की त्यांनी पाटींच्या नातवालाही सांगितला. भांडण आहे ते व्याकरणाचं. कॉफी निवते, आपण ती निववतो. पाणी आटतं, आपण ते आटवतो. मग कॉफी आत्तते आणि आपण ती आत्तवतो, असं नको का?

"मी आत्तते," आई म्हणते, "कॉफी काही करत नाही."

"अगं, पण फेस तिला येतो ना?"

परवा फोनवर हे अर्धा तास चाललं होतं. ताई बंगळूरूहून, मी पुण्याहून. ताईचं मत आईकडे, माझं बाबांकडे, आणि पाटींचा नातू मधेच फोन घेऊन म्हणाला की तमिळमध्ये निवणं वेगळं, निववणं वेगळं, आरु आणि आत्तु अशी दोन क्रियापदंच आहेत, एवढं कशाला भांडताय. झालं. बाबांनी पेन मागितलं, आईने ते कुठे ठेवलंय ते सांगायला नकार दिला, आणि आम्हाला ऐकू आलं ते एवढंच:

"आता आरणं म्हणून आणखी एक काढाल तर कॉफी तुम्हीच करायची."

"ठीक आहे. पण आरते कोण, ते तरी सांग."